हुकमत आणि दप्तर : ऑनलाइन मूल्यमापन प्रणालीतील वापरकर्ता-भूमिका व परवानग्यांची चिकित्सा

सारांश

ऑनलाइन मूल्यमापनाविषयीच्या आपल्याकडील चर्चेत प्रश्नांचा दर्जा, इंटरनेटची उपलब्धता आणि परीक्षेतील गैरप्रकार या मुद्द्यांना प्राधान्य मिळाले. कोणत्या खात्याला काय करता येते, हा प्रश्न मात्र तांत्रिक ठरून संगणक कक्षाकडे सोपविला गेला. प्रस्तुत लेखात मूडल या प्रणालीतील भूमिका व परवानग्यांचा तक्ता ही एक संहिता आहे असे मानून तिचे चिकित्सक वाचन केले आहे. परीक्षाव्यवस्थेतील कामांची विभागणी करण्याचे सामर्थ्य या संहितेत आहे. तथापि तिच्या मूळ मांडणीत निर्णय घेण्याची सत्ता आणि त्या निर्णयाची नोंद एकाच हाती एकवटते, तसेच विद्यार्थ्याचा हक्क शिक्षकाच्या इच्छाधीन परवानगीत रूपांतरित होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ऑनलाइन मूल्यमापन, वापरकर्ता-भूमिका, परवानगी, हक्क, मूडल, गुणांचा इतिहास.

१. प्रस्तावना

लेखी परीक्षेची आपल्याकडील रूढ व्यवस्था परस्परांवरील अविश्वासाच्या पायावर उभी आहे, आणि हा अविश्वास तिचा दोष नसून गुण आहे. प्राश्निक प्रश्नपत्रिका काढतो. पण ती कोणत्या केंद्रावर उघडली जाणार हे ठरविणे त्याच्या हाती नसते. पर्यवेक्षक उत्तरपत्रिका गोळा करतो. पण तो गुण देत नाही. परीक्षक गुण देतो. पण उत्तरपत्रिकेवरील बैठक क्रमांक झाकलेला असल्याने गुण कोणाला दिले हे त्याला कळत नाही. नियामक काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो आणि निकाल जाहीर करण्याचे काम परीक्षा विभागाकडे असते. एका विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवरील एका आकड्यामागे अशी पाच-सहा माणसे उभी असतात आणि त्यांपैकी कोणालाही तो आकडा एकट्याने ठरविता येत नाही.

मार्च २०२० नंतर महाविद्यालयांतील परीक्षा संगणकाच्या पडद्यावर आल्या. अंतिम वर्षाच्या परीक्षांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी निर्णय दिल्यानंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांनी अल्पावधीत ऑनलाइन परीक्षा घेतल्या. त्या आणीबाणीच्या काळात घाईघाईने उघडलेली खाती महामारी ओसरल्यावर बंद झाली नाहीत. अंतर्गत चाचण्या, स्वाध्याय आणि प्रात्यक्षिकांचे गुण यांसाठी ती अनेक ठिकाणी आजही वापरली जातात. वर वर्णिलेली पाच-सहा माणसे पडद्यावर कोणत्या रूपाने अवतरली, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

येथे ‘चिकित्सा’ हा शब्द हेतुतः वापरला आहे. नियमांच्या संहितेचे जसे वाचन करता येते, तसेच संगणकप्रणालीतील परवानग्यांच्या तक्त्याचेही करता येते. त्या तक्त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे आणि निषेधही आहे. कोण काय करू शकतो याचे उत्तर देणारी कोणतीही संहिता अंतिमतः सत्तेविषयी बोलत असते. ती संगणकाच्या पडद्यावर चौकटींच्या रूपाने मांडलेली आहे, एवढ्याच कारणावरून तिला चिकित्सेतून सूट मिळू नये.

२. निवडीचे कारण

विवेचनासाठी मूडल ही प्रणाली निवडली आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डुगियामास यांनी ती विकसित केली आणि तिची पहिली अधिकृत आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने तिची अंतर्गत रचना कोणालाही वाचता येते. आय.आय.टी. मुंबईसारख्या संस्थेपासून लहान अनुदानित महाविद्यालयांपर्यंत तिचा वापर होत आला आहे. ज्या व्यापारी प्रणालींची रचना बंद असते, त्यांच्याविषयी अशी चिकित्सा करणे कठीण आहे. म्हणजे मूडलवर टीका करता येते हे प्रथमतः मूडलच्या मोकळेपणाचे श्रेय आहे, हे आरंभीच नोंदविणे न्याय्य ठरेल.

दुसरी गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे. मूडलची घडण सामाजिक रचनावादाच्या शैक्षणिक विचारातून झाली आहे. विद्यार्थी एकमेकांच्या साहाय्याने ज्ञान रचतात व शिक्षक त्या प्रक्रियेचा विश्वासू सूत्रधार असतो, ही त्यामागील धारणा. वर्गासाठी ती उचितच आहे. परंतु वर्ग विश्वासावर चालतो आणि परीक्षा तपासणीवर. वर्गासाठी घडविलेल्या प्रणालीकडे आपण परीक्षेचे काम सोपविले, तेव्हा तिच्या गृहीतकांचा फेरविचार केला नाही. पुढील विवेचनातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

३. भूमिका, क्षमता आणि संदर्भ

नोव्हेंबर २००६ पूर्वी मूडलमधील खात्यांचे प्रकार ठरावीक होते : प्रशासक, अभ्यासक्रम-निर्माता, शिक्षक, संपादनाचा अधिकार नसलेला शिक्षक, विद्यार्थी आणि पाहुणा. या साच्यांत न बसणाऱ्या व्यक्तीला, उदाहरणार्थ बाह्य परीक्षकाला, जवळच्या एखाद्या साच्यात कोंबावे लागे. नोव्हेंबर २००६ मधील १.७ या आवृत्तीने ही रचना मुळापासून बदलली. प्रणालीतील प्रत्येक कृती सुटी करून तिला ‘क्षमता’ म्हणून स्वतंत्र नाव देण्यात आले. प्रश्नमंजूषा सोडविणे ही एक क्षमता, तिची पूर्वपाहणी करणे ही दुसरी, हाताने गुण देणे ही तिसरी, गुणांची पुनर्गणना करणे ही चौथी, सोडविलेला प्रयत्न पुसून टाकणे ही पाचवी. अशा क्षमतांच्या समुच्चयाला ‘भूमिका’ म्हटले गेले आणि संस्थेला हव्या तितक्या नव्या भूमिका घडविण्याची मोकळीक मिळाली.

‘भूमिका’ हा मराठी शब्द येथे अर्थवाही ठरतो. नाटकातील भूमिका नटाच्या देहाला कायमची चिकटलेली नसते. ती त्या प्रयोगापुरती असते. मूडलमध्येही भूमिका व्यक्तीला सर्वत्र लागू होत नाही, ती विशिष्ट संदर्भात लागू होते. संपूर्ण स्थळ, अभ्यासक्रमांचा वर्ग, एक अभ्यासक्रम, त्यातील एक चाचणी असे हे उतरत्या क्रमाचे संदर्भ आहेत. त्यामुळे एका अभ्यासक्रमात शिक्षक असलेली व्यक्ती दुसऱ्या अभ्यासक्रमात विद्यार्थी असू शकते. आपल्या प्रशासकीय इतिहासातील शब्द वापरायचे तर ही रचना वतनाची नाही, नेमणुकीची आहे. सत्ता पदाच्या कक्षेबाहेर सांडू नये, हा विचार त्यामागे आहे आणि तो निःसंशय पुरोगामी आहे.

प्रत्येक क्षमतेपुढे चार पर्याय असतात. पहिला, काहीच न ठरविणे, म्हणजे वरच्या संदर्भाकडून येईल ते स्वीकारणे, दुसरा मुभा, तिसरा प्रतिबंध, चौथा सक्त मनाई. प्रतिबंध खालच्या संदर्भात उठविता येतो, सक्त मनाई उठविता येत नाही. येथवर सारे स्पष्ट आहे. पेच निर्माण होतो तो एकाच व्यक्तीकडे दोन भूमिका असताना. अशा वेळी एका भूमिकेने मुभा दिली असेल, तर दुसऱ्या भूमिकेतील प्रतिबंध निष्प्रभ ठरतो. केवळ सक्त मनाई तेवढी टिकते.

याचा व्यवहारातील परिणाम पाहू. परीक्षकाला विद्यार्थ्यांची नावे दिसू नयेत म्हणून एखाद्या महाविद्यालयाने ‘परीक्षक’ नावाची नवी भूमिका घडविली आणि नावे पाहण्याच्या क्षमतेपुढे ‘प्रतिबंध’ नोंदविला. ती भूमिका त्यांनी ज्या प्राध्यापकांना दिली, ते त्याच अभ्यासक्रमात आधीपासून ‘शिक्षक’ही आहेत. शिक्षक या भूमिकेत नावे पाहण्याची मुभा असल्याने परीक्षकावरील प्रतिबंध कागदावरच राहतो. समितीच्या इतिवृत्तात नावे झाकल्याची नोंद होते आणि पडद्यावर ती दिसत राहतात. येथे कोणाचाही हेतू वाईट नाही. संहिता मुभेच्या बाजूने झुकलेली आहे, एवढेच. वर्गासाठी हा कल सोयीचा आहे. परीक्षेत मात्र संशयाचा फायदा निर्बंधाला मिळावयास हवा.

४. ‘शिक्षक’ नावाचे गाठोडे

कृती सुट्या केल्या हे १.७ या आवृत्तीचे यश. परंतु तयार मिळणाऱ्या मूळ भूमिकांमध्ये त्या पुन्हा एकत्र बांधल्या गेल्या. मूळ मांडणीतील ‘शिक्षक’ प्रश्न रचतो, चाचणीची वेळ ठरवितो, एखाद्या विद्यार्थ्याला जादा वेळ किंवा जादा प्रयत्न देतो, उत्तरे तपासतो, गुण बदलतो, पुनर्गणना करतो, प्रयत्न पुसतो आणि गुण जाहीरही करतो. प्रस्तावनेत उल्लेखिलेली पाच-सहा माणसे येथे एका खात्यात सामावली आहेत. आपल्या अभ्यासक्रमापुरत्या विद्यार्थ्याच्या काही परवानग्या बदलणेही त्याला शक्य असते.

या एकत्रीकरणावर उपाय प्रणालीतच उपलब्ध आहेत. ‘संपादनाचा अधिकार नसलेला शिक्षक’ ही भूमिका गुण देऊ शकते, पण चाचणी वा प्रश्न बदलू शकत नाही. बाह्य परीक्षकाच्या ती बरीच जवळ आहे. स्वाध्यायांसाठी विद्यार्थ्याची ओळख झाकण्याची सोय २०१२ च्या अखेरीस आली. त्यानंतर वर्षभराने तपासणीच्या टप्प्यांची सोय झाली : तपासणी बाकी, तपासणी सुरू, तपासणी पूर्ण, फेरपाहणी सुरू, जाहीर करण्यास सिद्ध आणि जाहीर. परीक्षक, नियामक व परीक्षा विभाग यांच्यातील कामाची वाटणी या टप्प्यांत ओळखीच्या रूपात भेटते.

मात्र मूळ मांडणीत या सर्व टप्प्यांतून गुण पुढे नेण्याची क्षमता पुन्हा त्याच शिक्षकाला दिलेली आहे. झाकलेली ओळख उघड करण्याचीही. गुणनोंदीला कुलूप घालता येते; परंतु कुलूप घालणारा आणि किल्ली बाळगणारा एकच आहे. सुरक्षिततेची साधने पुरविणे आणि ती निरनिराळ्या हाती देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली प्रणालीने केली. दुसरी संस्थेने करावयाची होती.

५. विद्यार्थी : परवानगी की हक्क?

मूळ मांडणीतील ‘विद्यार्थी’ या भूमिकेला प्रश्नमंजूषेच्या बाबतीत तीन ठळक क्षमता आहेत : ती पाहणे, ती सोडविणे आणि आपण सोडविलेले पुन्हा पाहणे. यांतील तिसरी क्षमता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत परावलंबी आहे. विद्यार्थ्याला आपली उत्तरे, त्यांतील बरोबर-चूक, गुण, अभिप्राय आणि योग्य उत्तर यांपैकी काय दिसेल, हे चाचणीच्या मांडणीत चार टप्प्यांसाठी स्वतंत्रपणे ठरविले जाते : चाचणी चालू असताना, ती सादर केल्यावर लगेच, चाचणीची मुदत संपण्यापूर्वी आणि मुदत संपल्यानंतर. शिक्षकाने या टप्प्यांतील चौकटी रिकाम्या ठेवल्या, तर आपली उत्तरपत्रिका पाहण्याची विद्यार्थ्याची क्षमता तक्त्यात जिवंत राहूनही व्यवहारात शून्य होते.

या ठिकाणी आपल्याकडील न्यायालयीन इतिहास आठवणे आवश्यक आहे. उत्तरपत्रिका पाहण्यास व फेरमूल्यांकनास मनाई करणारा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात वैध ठरविला. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये आला आणि चित्र पालटले. ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि ती पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असा निर्णय दिला. त्याच निर्णयात परीक्षकाची ओळख उघड होऊ नये, अशीही दक्षता घेतली गेली. पुढे २०१८ मध्ये संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेबाबत न्यायालयाने वेगळी व अधिक मर्यादित भूमिका घेतली, हेही नमूद केले पाहिजे. तथापि विद्यापीठीय परीक्षांत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागणे ही आज आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची गोष्ट आहे.

१९८४ ते २०११ हा प्रवास ‘पाहू द्यावे की नाही’ येथून ‘पाहण्याचा हक्क आहे’ येथवरचा आहे. ऑनलाइन चाचणीत आपण नकळत त्या प्रवासाच्या आरंभबिंदूकडे परतलो आहोत. कायद्याने ज्याला हक्क म्हटले, त्याला प्रणाली परवानगी म्हणते. हक्क नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागते, परवानगी नाकारणाऱ्याला द्यावे लागत नाही. ती न देणे हीच अनेकदा मूळ स्थिती असते. आपल्या बोलण्यात आपण दोहोंना सरसकट ‘अधिकार’ म्हणतो. ‘विद्यार्थ्याला ते पाहण्याचे अधिकार दिलेले नाहीत’ या वाक्यात संगणक कक्षाला फक्त परवानगी अभिप्रेत असते. ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र आपला हक्कच नाही असे वाटते. भाषेतील ही संदिग्धता सत्तेच्या सोयीची आहे.

शिक्षकांची बाजू येथे दुर्लक्षून चालणार नाही. चांगला बहुपर्यायी प्रश्न रचण्यास वेळ व कौशल्य लागते आणि उत्तरांसह प्रश्न उघड झाला की तो पुन्हा वापरता येत नाही. प्रश्नपेढी जपण्याची ही चिंता रास्त आहे. परंतु तिचे उत्तर सरसकट झाकण्यात नाही. सर्वांची चाचणी संपल्यावर विद्यार्थ्याचे स्वतःचे उत्तर व त्याला मिळालेले गुण दाखविणे आणि योग्य उत्तर मात्र विनंतीनंतर शिक्षकासमक्ष दाखविणे, असा मध्यम मार्ग चार टप्प्यांच्या त्याच चौकटीत बसतो.

याहून गंभीर उणीव अशी की, आक्षेप नोंदविणे ही कृती प्रश्नमंजूषेच्या क्षमतांच्या यादीतच नाही. विद्यार्थी शिक्षकाला निरोप पाठवू शकतो. पण निरोप म्हणजे अर्ज नव्हे. त्याला आवक क्रमांक नाही, मुदत नाही आणि उत्तर देण्याचे बंधन नाही. संहितेत ज्या कृतीला क्रियापदच नाही, ती कृती करणारा तक्रारखोर ठरतो.

६. एक प्रसंग

उपरोक्त विवेचन कोणाला केवळ तात्त्विक वाटू नये, म्हणून प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिलेला एक प्रसंग नोंदवितो. महाविद्यालयाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. तेथील एका विभागातील चार प्राध्यापक सोयीसाठी एकच शिक्षक-खाते वापरीत. पासवर्ड विभागाच्या कपाटाच्या आतील बाजूस चिकटविलेला होता. वीस गुणांच्या अंतर्गत चाचणीत एका विद्यार्थिनीला चौदा गुण दिसले. तीन दिवसांनी ते बारा झाले. तिने विचारणा केली. गुणांच्या इतिहासात बदल दिसत होता, बदलाची वेळही दिसत होती. पण ज्या प्राध्यापकांचे नाव तेथे होते, ते त्या वेळी परीक्षा कक्षात पर्यवेक्षणावर होते आणि त्याची सही हजेरीपत्रकावर होती.

आठवडाभर विभागात कुजबुज झाली. अखेर उलगडा झाला तो असा की, दोन प्रश्नांची उत्तरे मुळात चुकीची नोंदविली गेली होती. एका सहकाऱ्याने ती दुरुस्त करून पुनर्गणना केली आणि त्यामुळे काहींचे गुण वाढले, काहींचे घटले. म्हणजे बारा हेच योग्य गुण होते. कोणी लबाडी केली नव्हती. एका सहकाऱ्याने तर आपले कर्तव्यच केले होते. तरीही एका निर्दोष प्राध्यापकावर आठवडाभर संशय राहिला आणि ज्या विद्यार्थिनीला दोन ओळींचे स्पष्टीकरण मिळावयास हवे होते, तिला ‘सिस्टीमने केले’ एवढेच उत्तर मिळाले.

या प्रसंगाचा बोध असा की, परवानग्यांची विभागणी लबाडी पकडण्यासाठीच लागते असे नाही. प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता यावा, यासाठीही ती लागते. सामायिक पासवर्ड हा प्रणालीचा दोष नाही. पण तो केवळ शिस्तभंगही नाही. चार माणसांचे काम चार खात्यांत वाटण्याचे कष्ट संस्थेने घेतले नाहीत, याची ती खूण आहे.

७. प्रशासक : हुकमत आणि दप्तर एका हाती

मराठी मुलखातील जुन्या ग्रामव्यवस्थेत पाटलाकडे हुकमत असे आणि कुलकर्ण्याकडे दप्तर. परगण्याच्या पातळीवर देशमुख व देशपांडे यांची जोडीही अशीच होती. वसूल करणारा आणि वसूल लिहून ठेवणारा यांना वेगळे ठेवण्यामागील हेतू उघड आहे. व्यवहारात दोघांचे संगनमत होत असेल आणि ती व्यवस्था जन्माधिष्ठित होती, हे तिचे दोष कोणी नाकारणार नाही. परंतु सत्ता व नोंद यांच्या विभक्ततेचे तत्त्व आपल्याला अपरिचित नव्हते, एवढे त्यावरून दिसते.

मूडलमधील प्रशासक या तत्त्वाला अपवाद आहे. १.७ नंतरच्या काही आवृत्त्यांत प्रशासक हीदेखील एक भूमिका होती आणि तिच्या सर्वंकष सत्तेचे रहस्य एका क्षमतेत होते. त्या क्षमतेच्या नावाचाच अर्थ ‘काहीही करणे’ असा होता. नोव्हेंबर २०१० मधील २.० या आवृत्तीत ती क्षमता वगळली गेली. प्रशासकांची एक वेगळी यादी करण्यात आली आणि त्या यादीतील व्यक्तीची परवानगी सामान्यतः तपासलीच जात नाही, अशी व्यवस्था झाली. रोजच्या व्यवस्थापनासाठी ‘व्यवस्थापक’ ही निराळी भूमिका देण्यात आली. तांत्रिक दृष्टीने हा बदल सुटसुटीत आहे. संहितेचा वाचक म्हणून मात्र त्यात एक गोष्ट खटकते. पूर्वी अमर्याद सत्ता तक्त्यातील एक ओळ म्हणून वाचता येत होती. नंतर ती तक्त्याबाहेर गेली. जी सत्ता तक्त्यात नाही, तिला सक्त मनाईही लागू होत नाही.

प्रशासक व व्यवस्थापक दुसऱ्याच्या नावाने प्रणालीत प्रवेश करू शकतात. अशा वेळी मूळ व्यक्तीची नोंद ठेवली जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु नोंदी किती काळ जपाव्यात, गुणांचा इतिहास ठेवावा की न ठेवावा, हे ठरविणाऱ्या मांडण्याही प्रशासकाच्याच कक्षेत आहेत; आणि ज्याच्याकडे सर्व्हरची किल्ली आहे, त्याचा हात प्रणालीच्या कोणत्याही नोंदीबाहेरचा असतो. पाटील आणि कुलकर्णी येथे एकच झाले आहेत. शिवाय महाविद्यालयांत ही व्यक्ती कोण असते? अनेकदा कंत्राटी संगणक-साहाय्यक, बाहेरील सेवापुरवठादार किंवा ‘त्यांना कॉम्प्युटरचे कळते’ म्हणून नेमलेले एखादे कनिष्ठ सहकारी. परीक्षा नियंत्रकाहून अधिक सत्ता ज्याच्याकडे आहे, त्याच्या नियुक्तीपत्रात त्या सत्तेचा उल्लेखही नसतो. तो त्याच्यावरही अन्यायच आहे. कारण काही बिघडले तर संशयाची पहिली सुई त्याच्याकडेच वळते.

८. जोखीम कशाला म्हणावे?

मूडलच्या तक्त्यात अनेक क्षमतांपुढे धोक्याची चिन्हे असतात. प्रणालीच्या दृष्टीने जोखमीचे सहा प्रकार आहेत : स्थळाच्या मांडणीत फेरफार, घातक संगणकीय मजकुराचा शिरकाव, इतर वापरकर्त्यांच्या विश्वासपातळीवरील नियंत्रण, खासगी माहितीचे प्रकटीकरण, अनाहूत संदेशांचा मारा आणि माहितीचा नाश. अशी जोखीम क्षमतेसमोरच नोंदविण्याची कल्पना उत्तम आहे.

परंतु या यादीचे वाचन केले असता एक अनुपस्थिती जाणवते. गुण चुकीचे वा अन्याय्य ठरण्याची जोखीम या सहांत नाही. खात्याकडून यंत्राला, खासगीपणाला व माहितीच्या साठ्याला काय धोका आहे, हे संहिता सांगते; निर्णयाच्या न्याय्यतेला काय धोका आहे, याविषयी ती मूक आहे. हा लेखनदोष नव्हे, दृष्टिकोनाची मर्यादा आहे. संगणकाची सुरक्षा आणि मूल्यमापनाची विश्वासार्हता या दोन निराळ्या बाबी आहेत. पहिली संगणकतज्ज्ञाने पाहावी. दुसरी त्याच्यावर ढकलणे हा आपला आळस आहे.

मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची पडद्यावरील तपासणी सुरू केली, तेव्हा निकाल दीर्घकाळ रखडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या प्रकरणातून वेग व पूर्वतयारी यांचे महत्त्व सर्वांना उमगले. निकाल उशिरा लागला की तो सर्वांना दिसतो. एका खात्याने एकट्याने ठरविलेला गुण वेळेवर लागला, तर त्यातील उणीव कोणालाच दिसत नाही. म्हणून ती शोधण्याचे काम प्रसंगाची वाट न पाहता करावे लागते.

९. निष्कर्ष व सूचना

प्रस्तुत चिकित्सेतून पुढील निष्कर्ष निघतात. मूडलमधील भूमिका व परवानग्यांची रचना लवचीक आहे आणि परीक्षाव्यवस्थेतील कामांची विभागणी तिच्यात करता येते. मूळ मांडणी मात्र वर्गाध्यापनासाठी असून ती जशीच्या तशी परीक्षेला लावल्यास प्राश्निक, परीक्षक, नियामक व निकाल जाहीर करणारा यांतील भेद पुसला जातो. विद्यार्थ्याचा उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परवानगीच्या पातळीवर उतरतो आणि आक्षेपाला संहितेत स्थान राहत नाही. प्रशासकाच्या ठिकाणी सत्ता व नोंद एकत्र येतात.

त्यावर काही व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. भूमिका व परवानग्यांचा तक्ता महाविद्यालयाच्या परीक्षा समितीपुढे मराठीत, क्रियापदांच्या भाषेत मांडला जावा आणि दरवर्षी मंजूर केला जावा. प्राश्निक, परीक्षक व नियामक यांसाठी स्वतंत्र भूमिका घडवाव्यात आणि चाचणीच्या काळात त्याच अभ्यासक्रमातील ‘शिक्षक’ ही भूमिका संबंधितांकडून काढून घ्यावी. अन्यथा वर दाखविल्याप्रमाणे प्रतिबंध निष्फळ ठरतो. ज्या विभागात एकच प्राध्यापक आहे, तेथे व्यक्तींची विभागणी शक्य नाही. तेथे गुणनोंदीला मुदतीनंतर कुलूप घालावे आणि ते उघडण्याची क्षमता परीक्षा विभागाकडे ठेवावी. केवळ नोंदी व गुणांचा इतिहास वाचू शकणारी, काहीही बदलू न शकणारी एक भूमिका निर्माण करावी. तिला ‘दप्तरदार’ म्हणता येईल. प्रत्येक चाचणीनंतर त्या नोंदींची प्रत प्रशासकाच्या कक्षेबाहेर, परीक्षा विभागात जतन व्हावी. पुनर्गणनेमुळे गुण बदलल्यास कारणासह सूचना विद्यार्थ्याला मिळावी व आक्षेपासाठी आवक क्रमांक असलेला साधा अर्ज असावा. यांपैकी कशालाही नवी प्रणाली विकत घेण्याची आवश्यकता नाही.

कपाटाच्या दारावर चिकटविलेला तो पासवर्ड पुढे काढून टाकण्यात आला आणि चौघांना चार खाती मिळाली. त्या विद्यार्थिनीला मात्र तिचे दोन गुण का कमी झाले, हे लेखी कोणी कळविले नाही. कारण तसे कळविणे हे तक्त्यातील कोणत्याही भूमिकेचे काम नव्हते. ते काम कोणाचे, हे ठरविण्याची जबाबदारी संगणकाची नाही. ती परीक्षा घेणाऱ्यांची, म्हणजे आपली आहे.